‘जरा जास्तच गेलं’ म्हणजे किती?

मागच्या अंकात या सदरात बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावावर एक टिपण होतं. गेलेलं रक्त नजरेच्या अंदाजाने न ठरवता मापाच्या पिशवीत मोजावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले प्रश्न खाली घेतले आहेत. एकसारखे होते ते एकत्र केले. उत्तरांत औषधांच्या मात्रा आहेत त्या प्रसूतिगृहात काम करणाऱ्यांसाठी. घरी कुणी त्या वापरायच्या नाहीत.

प्रश्न: माझ्या सुनेचं बाळंतपण नॉर्मल झालं. सिस्टर म्हणाल्या, “अंगावरून जरा जास्तच गेलं, पण आता ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी उठताना तिला भोवळ आली. जरा जास्त म्हणजे नेमकं किती? आमच्या वेळी एवढी मोजामोजी नव्हती. (सांगोला)

उत्तर: नॉर्मल बाळंतपणात पहिल्या २४ तासांत ५०० मिलि. किंवा त्याहून जास्त, आणि सिझेरियनमध्ये १००० मिलि. किंवा त्याहून जास्त रक्त गेलं, तर तो अतिरक्तस्राव, असा जुना निकष आहे. पण हा आकडा सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. दिवस भरलेल्या बाईच्या अंगात किलोमागे साधारण ९० ते १०० मिलि. रक्त असतं. धडधाकट, हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं अर्धा लिटर गेलं तर तिला थकवा येईल. किरकोळ अंगाच्या, हिमोग्लोबिन ७ वर आलेल्या बाईचं तेवढंच गेलं तर जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या बायका कमी नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या.

मोजामोजी हवी ती वेगामुळे. दिवस भरताना गर्भपिशवीकडे मिनिटाला ५०० ते ७०० मिलि. रक्त जात असतं. वार सुटली की ती जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती आधी बंद होतात ती रक्त गोठून नव्हे. पिशवीचे आडवे-तिडवे स्नायू आवळतात आणि मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात चिमटल्या जातात. पिशवी सैल राहिली की हे होत नाही. दहांतल्या सुमारे सात वेळा कारण हेच असतं. उरलेल्यांत गर्भमुखाला किंवा मार्गाला गेलेली चीर, आत राहिलेला वारेचा तुकडा आणि क्वचित रक्त न गोठण्याचा दोष.

नजर का फसते? रक्त चादरीत मुरतं, गर्भजलात आणि लघवीत मिसळतं, टेबलाखालच्या बादलीत जातं. शिवाय संथ धार कुणाच्या डोळ्यात भरत नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी मापाची पिशवी आणि नजरेचा अंदाज यांची तुलना केली होती. २००६ साली ती छापून आली. नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. म्हणजे पाऊण लिटर गेलेलं असताना आपण “अर्धा लिटर असेल” म्हणत राहतो.

सूनबाईंचं हिमोग्लोबिन बाळंतपणाच्या दिवशीच तपासलं असेल तर त्या आकड्यावर जाऊ नका. रक्त गेलं की आधी लाल पेशी आणि पाणी दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. अंगातलं पाणी भरून निघाल्यावरच खरा आकडा दिसतो. ४८ तासांनंतर पुन्हा तपासून घ्या, आणि भोवळ आली हे डॉक्टरांना सांगा. कार्डावर ‘अतिरक्तस्राव’ असं लिहून घेणंही महत्त्वाचं. एकदा झालं त्या बाईला पुढच्या खेपेला धोका जास्त असतो, आणि पुढचं बाळंतपण दुसऱ्याच गावात झालं तर तिथल्या डॉक्टरांना हे कळायला दुसरा मार्ग नाही.

प्रश्न: मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आम्हाला मापाच्या पिशव्या मिळाल्या, पण वापर नीट होत नाही. कधी गर्भजलासकट माप येतं, कधी पिशवीच निसटते. शिवाय ३०० ला हालचाल करायची की ५०० ला? (नंदुरबार जिल्हा)

उत्तर: पिशवी लावायची ती बाळ बाहेर आल्यावर, गर्भजल वाहून गेल्यानंतर. आधी लावलीत तर माप गर्भजलाचं. कंबरेखाली सरकवून वरच्या कडेचे बंद पोटावर बांधा आणि नरसाळ्यासारखा भाग टेबलाच्या कडेवरून सरळ खाली लोंबू द्या. तो दुमडून टेबलावरच राहिला की रक्त वरच्या घडीत साठतं आणि खालची रेघ कोरडी दिसते. माप चुकण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. वार पिशवीत पडू देऊ नका, ट्रेमध्ये घ्या. भिजलेले पॅड आणि गॉज वेगळे वजन करा: ओल्याचं वजन वजा कोरड्याचं वजन. १ ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने १ मिलि. पिशव्या संपल्या तरी वजनकाटा असतोच, त्यामुळे मोजता आलं नाही ही सबब राहत नाही.

पिशवी किमान तासभर ठेवा. धार चालू असेल तर दोन तास. पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी चार गोष्टी बघून वेळेसह लिहा: नाडी, रक्तदाब, गर्भपिशवी घट्ट आहे का, आणि मापाच्या पिशवीतलं माप.

आता ३०० की ५००? ५०० ला काहीही झालं तरी उपचार सुरू. ३०० ला नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर तिथेच सुरू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांतही हाच रोख आहे. नुसत्या रक्तदाबाची वाट बघू नका. तरुण बाईचं शरीर नाडी वाढवून रक्तदाब बराच वेळ सांभाळतं, आणि तो घसरायला लागतो तोवर लिटरच्या आसपास गेलेलं असतं. सोपा हिशेब म्हणजे नाडी भागिले वरचा रक्तदाब. नाडी ११०, वरचा दाब १०० म्हणजे १.१. उत्तर १ च्या वर गेलं की कुणाला विचारत बसायचं नाही.

उपचार पूर्वी पायरीपायरीने होत. आधी मसाज, मग बघू; मग ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आवळणारं औषध), मग बघू; मग डॉक्टरांना फोन. प्रत्येक ‘बघू’त दहा-पंधरा मिनिटं जात. आता सगळं एकदम करायचं.

एकीने पोटावरून गर्भपिशवीचा मसाज सुरू करायचा, ती क्रिकेटच्या चेंडूसारखी घट्ट लागेपर्यंत. दुसरीने शीर लावून एक लिटर सलाईनमध्ये २० युनिट ऑक्सिटोसिन, मिनिटाला ४० ते ६० थेंब. ऑक्सिटोसिन पातळ न करता थेट शिरेतून झटक्यात द्यायचं नाही, रक्तदाब कोसळतो. त्याच वेळी रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झामिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून, सावकाश, दहा मिनिटांत. आपल्याकडची अँप्यूल बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते, म्हणजे दोन. अर्ध्या तासानंतरही रक्त चालू असेल, किंवा थांबून २४ तासांच्या आत पुन्हा सुरू झालं, तर आणखी १ ग्रॅम. मूत्राशय रिकामं करा. ते भरलेलं असेल तर गर्भपिशवी आवळतच नाही, आणि घाईत हीच गोष्ट हमखास राहून जाते. मग तपासणी: वार सपाट पसरून तिचे सगळे भाग जुळतात का बघा, पडद्याच्या कडेला तुटलेली रक्तवाहिनी दिसते का बघा, आणि चांगल्या उजेडात गर्भमुखापर्यंत चीर शोधा. गर्भपिशवी घट्ट आहे आणि तरी लालभडक धार चालू आहे, तर चीर आहे असं धरून चाला. अशा वेळी नुसतं ऑक्सिटोसिन वाढवत राहण्यात वेळ जातो.

एवढ्याने थांबलं नाही तर पुढची औषधं. मिथर्जिन ०.२ मिलिग्रॅम, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला नाही. कार्बोप्रोस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, पण दमेकरी बाईला नाही. हलवायचं ठरलं तर दोन्ही हातांनी गर्भपिशवी दाबून धरणं किंवा तिच्यात कंडोमचा फुगा ठेवून त्यात सलाईन भरणं, हे गाडीत बसण्याआधी.

एक इशारा. ट्रॅनेक्झामिक अॅसिडची अँप्यूल आणि पाठीत देण्याच्या भुलीची अँप्यूल काही वेळा दिसायला सारख्या असतात. चुकून ते पाठीच्या कण्यात दिलं गेल्याने मृत्यू झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्याबद्दल इशारा काढला. भुलीच्या ट्रेमध्ये हे औषध ठेवूच नका. रक्तस्रावाचा डबा वेगळा, झाकणावर यादी, आणि प्रत्येक पाळीला तो उघडून बघितल्याची सही.

प्रश्न: ‘ई-मोटिव्ह’ हा अभ्यास आफ्रिकेतला. आपल्याकडे त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येतील का? आणि या विषयावर आपल्या भागात काही संशोधन झालं आहे का? (वैद्यकीय विद्यार्थिनी, मिरज)

उत्तर: आधी अभ्यास काय होता ते. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ७८ रुग्णालयं, २ लाख १० हजार १३२ नॉर्मल बाळंतपणं, नेतृत्व बर्मिंगहॅम विद्यापीठाचं, निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध. मापाची पिशवी आणि सगळे उपचार एकदम, या नव्या पद्धतीच्या रुग्णालयांत अतिरक्तस्राव ओळखला गेला ९३ टक्के वेळा, नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के. सगळे उपचार एकत्र मिळाले ९१ टक्के विरुद्ध १९ टक्के. एक लिटर किंवा जास्त रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचं मिळून प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं.

यातली एक बारीक गोष्ट फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. तुलनेतल्या रुग्णालयांतही पिशवी लावलेली होतीच, फक्त तिच्यावर मापाच्या रेघा नव्हत्या. औषधंही नवी नव्हती. नवं होतं ते एवढंच: रेघ ओलांडली की ठरलेलं सगळं करायची मुभा, सामान एकाच ट्रॉलीत, आणि दर महिन्याला आपल्याच वॉर्डाचे आकडे सगळ्यांसमोर. आमच्या मते आपल्याकडे अडचण इथेच येईल. पिशव्या खरेदी होतील; पण डॉक्टर दुसऱ्या वॉर्डात असताना सिस्टरने ट्रॅनेक्झामिक स्वतःहून सुरू करायचं का, हे लेखी नसेल तर रेघ ओलांडूनही सगळे फोनकडे बघत बसतील. तेव्हा निष्कर्ष लागू होतात, मात्र मुभेसकट. आणि सिझेरियनला हा अभ्यास थेट लावता येत नाही, त्यात ती बाळंतपणं नव्हती.

आपल्या भागाचं म्हणाल, तर मिरजेहून फार लांब जावं लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गर्भपिशवी आवळणाऱ्या गोळ्यांची चाचणी झाली आणि २००६ साली लॅन्सेटमध्ये आली. एएनएम नर्सने बाळंतपणानंतर लगेच ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने द्यायचं. ना फ्रिज, ना सुई. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ वर आला, तीव्र रक्तस्राव १.२ वरून ०.२ वर. जगभर मिसोप्रोस्टॉलला मान्यता मिळण्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे. २०११ साली ते अतिरक्तस्राव टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं.

बेळगाव आणि नागपूर ही दोन्ही केंद्रं पुढेही मोठ्या अभ्यासांत आहेत. पहिलटकरणींना रोज ८१ मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्क्यांवरून ११.६ वर येतात, हे २०२० साली दाखवलेल्या चाचणीत दोन्ही होती. कळा सुरू असताना अॅझिथ्रोमायसिनचा २ ग्रॅमचा एकच डोस दिला तर मातेला जंतुदोष होणं किंवा मृत्यू येणं २.४ वरून १.६ टक्क्यांवर येतं, या २०२३ च्या चाचणीतही.

जाता जाता, ‘वुमन’ चाचणी वाचाच: २०१७, २१ देश, २० हजार ६० स्त्रिया. ट्रॅनेक्झामिक पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.७ टक्क्यांवरून १.२ वर येतात. तीन तासांनंतर फायदा दिसत नाही. म्हणून बाळ जन्मल्याची वेळ रेफरच्या चिठ्ठीवर ठळक हवी. पण रक्तक्षयी स्त्रियांना आधीच, प्रतिबंध म्हणून ते दिलं तर अतिरक्तस्राव कमी होत नाही, हे त्याच गटाच्या पुढच्या चाचणीत दिसलं. सरसकट सगळ्यांना देण्याची टूम निघाली तर हे लक्षात असू द्या.

प्रश्न: आमच्या प्रा. आ. केंद्रात उन्हाळ्यात सहा-सहा तास वीज नसते. ऑक्सिटोसिनच्या अँप्यूल टिकतात का? आणि मध्यंतरी ऑक्सिटोसिनवर बंदी आली होती ती काय भानगड होती? (औषधनिर्माता, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांतच ठेवायचं. वीज गेली म्हणून लगेच फेकायचं नाही. फ्रिज बंद ठेवला आणि आत बर्फाच्या पिशव्या असल्या तर थंडावा टिकतो. पण रोज तापून थंड होणारी अँप्यूल हळूहळू जोर गमावते. रंग बदलत नाही, वास येत नाही. कळतं ते गर्भपिशवी आवळली नाही तेव्हा, आणि तेव्हाही दोष औषधाला न देता बाईलाच दिला जातो. लसींच्या आयएलआर फ्रिजमध्ये, वेगळ्या नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. डीप फ्रीझरमध्ये नको. प्रसूतिगृहात त्या पाळीपुरत्याच अँप्यूल आणा. खिडकीच्या कट्ट्यावर आठवडाभर पडलेली अर्धी पेटी दिसली तर ती वापरात नाहीच असं समजा. प्रतिबंधाचा डोस १० युनिट स्नायूत, बाळ आल्यापासून मिनिटाच्या आत. अँप्यूल ५ युनिटची असेल तर दोन लागतात. घाईत एकच फोडली जाते आणि अर्धा डोस जातो, हे बऱ्याच ठिकाणी घडतं.

फ्रिजचा भरवसाच नसेल तर उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन १०० मायक्रोग्रॅम हा पर्याय आहे. ते ३० अंशांपर्यंत टिकतं. १० देशांतल्या २९ हजार ६४५ स्त्रियांवरच्या २०१८ च्या चाचणीत ते ऑक्सिटोसिनच्या बरोबरीचं ठरलं: ५०० मिलि. किंवा जास्त रक्त जाणं अथवा आणखी औषध लागणं, याचं प्रमाण १४.५ विरुद्ध १४.४ टक्के. मात्र ते फक्त बाळ आल्यानंतर वापरायचं. कळा वाढवायला कधीच नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांना उष्णतेपेक्षा दमटपणा बाधतो, त्यामुळे पाकिटातून आधीच काढून ठेवू नका. त्याने थंडी वाजते, ताप येतो. तो जंतुदोष समजून प्रतिजैविकं सुरू करू नका.

बंदीचं असं: दुभत्या जनावरांना पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचलं जातं, म्हणून केंद्राने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने खासगी कंपन्यांचं उत्पादन थांबवून ते एकाच सरकारी कंपनीकडे दिलं. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती रद्द केली. गोठ्यातला गैरवापर रोखायला प्रसूतिगृहातला पुरवठा एका कारखान्यावर टांगणं, हा उपाय आम्हाला तेव्हाही पटला नव्हता. माणसांतला गैरवापर मात्र खरा आहे. घरी किंवा लहान दवाखान्यात ‘कळांचं इंजेक्शन’ म्हणून ते थेट स्नायूत टोचतात. स्नायूत गेलेला डोस परत काढता येत नाही, कळा थांबत नाहीत, बाळ गुदमरतं आणि गर्भपिशवी फाटू शकते. बाळ येण्याआधी ऑक्सिटोसिन फक्त शिरेतून, मोजून, बाळाचे ठोके बघत.

प्रश्न: पत्नीची दोन सिझेरियन झाली आहेत, आता पुन्हा दिवस आहेत. सोनोग्राफीत ‘वार खाली आहे’ असं आलं. हॉस्पिटल ठरवताना काय विचारू? (पुणे)

उत्तर: तुमचा प्रश्न तातडीचा आहे म्हणून सरळ सांगतो. वार खाली असणं आणि आधीची सिझेरियन, या दोन गोष्टी एकत्र आल्या की वार जुन्या टाक्यात रुतून बसण्याची भीती असते. अशी वार सुटतच नाही, आणि ओढली तर काही मिनिटांत लिटरवारी रक्त जातं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांमध्ये दुसऱ्या सिझेरियनला ११ टक्के आणि तिसऱ्याला ४० टक्के वेळा ती रुतलेली निघाली. तुमच्या पत्नीचं हे तिसरं असेल.

किती आठवडे झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. विसाव्या आठवड्याच्या आसपास खाली दिसलेली वार पुढे बऱ्याचदा वर सरकते, म्हणून ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. पण तुम्ही तोवर थांबू नका. “वार जुन्या टाक्यावर आहे का आणि रुतल्याची चिन्हं आहेत का” हा नेमका प्रश्न लिहून कलर डॉप्लर करून घ्या. शंका असेल तर बाळंतपण मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा तशाच मोठ्या ठिकाणी, ठरवलेल्या दिवशी, दिवसाउजेडी.

हॉस्पिटलला विचारा: रक्तपेढी आवारातच आहे की शहराच्या दुसऱ्या टोकाला? पत्नीच्या गटाच्या किती पिशव्या आधी जुळवून ठेवाल? रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ इथे असतात की घरून येतात? गर्भपिशवी काढायची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया करणारे कोण? आयसीयू आहे का? उत्तरात “होऊन जाईल” आलं तर दुसरं हॉस्पिटल बघा. दरम्यान अंगावरून थोडंही रक्त दिसलं, दुखत नसलं तरी, लगेच निघायचं. आणि आतून बोटाने तपासणी कुणालाही करू द्यायची नाही.

सिझेरियन गरजेचं असेल तेव्हा जीव वाचवतं, यात वाद नाही. पण पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात चारांतलं एक बाळंतपण सिझेरियनने झालेलं होतं आणि देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के. पहिल्या सिझेरियनची किंमत तिसऱ्या बाळंतपणात मोजावी लागते, हे पहिल्या वेळी सही घेताना कुणी सांगत नाही.

प्रश्न: गोळ्या खाऊनही गरोदर बायांचं हिमोग्लोबिन ८-९ च्या वर जात नाही. वरिष्ठ म्हणतात, बाया खातच नाहीत. (आशा कार्यकर्ती, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: ताई, काही खरंच खात नाहीत, पण सगळं खापर त्यांच्यावर नको. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ मध्ये असेल तर रोज दोन. आधी हे विचारा: गोळी चहाबरोबर घेते का? कॅल्शियमच्या गोळीबरोबर? दोन्हींनी लोह शोषलं जात नाही. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळीत दोन तासांचं अंतर ठेवायला सांगा. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर, लिंबू पिळून केलेल्या भाजीवर किंवा आवळ्याबरोबर. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून बंद करतात. दुसऱ्या तिमाहीत जंताची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी दिली गेली का, तेही बघा.

नीट घेऊनही महिन्यात हिमोग्लोबिन १ ने वाढलं नाही तर कारण शोधायला हवं. तुमच्या भागात सिकलसेलची तपासणी झाली आहे का ते आधी बघा. सोल्युबिलिटी चाचणी आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. सिकलसेल असेल तर नुसत्या लोहाने आकडा वाढणार नाही. पण वाहक बाईला लोहाची कमतरताही असू शकते, म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

सातवा महिना उलटला आणि वेळ कमी असेल तर शिरेतून लोह: आयर्न सुक्रोज टप्प्याटप्प्याने किंवा फेरिक कार्बोक्सिमाल्टोज एकाच बैठकीत १००० मिलिग्रॅमपर्यंत. रिअॅक्शन सांभाळायची सोय असेल तिथेच, पहिले तीन महिने सोडून. ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात भरती. ५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी.

प्रश्न: बाळंतपणाचे पैसे नक्की कोणाला, किती? दवाखान्यात रक्ताच्या पिशवीचे पैसे मागितले तर? (अनेक वाचक)

उत्तर: जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७००, शहरात ६०० रुपये. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५००० रुपये दोन हप्त्यांत (३००० नोंदणी आणि तपासणीनंतर, २००० जन्मनोंद आणि पहिल्या लसींनंतर), आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० एकरकमी. खातं मातेच्या स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं हवं. नवऱ्याच्या खात्यामुळे अर्ज अडकतात.

रक्ताचे पैसे सरकारी दवाखान्यात द्यायचे नाहीत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण (नॉर्मलला तीन दिवस, सिझेरियनला सात), घरून दवाखाना, मोठ्या दवाखान्यात हलवणं आणि परत घरी, सगळं मोफत आहे. मागितले तर पावती मागा आणि १०४ वर तक्रार करा.

प्रश्न: माता-मृत्यूची चौकशी होते तिचा उपयोग काय? कुणावर कारवाई झाल्याचं ऐकिवात नाही. (सिंधुदुर्ग)

उत्तर: कारवाई हा तिचा हेतूच नाही. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर ४२ दिवसांत झालेला प्रत्येक मृत्यू कळवायचा, घरी जाऊन आणि दवाखान्यातही माहिती घ्यायची आणि जिल्हा पातळीवर आढावा घ्यायचा. उशीर कुठे झाला ते शोधायचं असतं: घरातून निघायला, वाटेत, की दवाखान्यात पोचल्यावर? शिक्षेची भीती घातली की केसपेपरवर ‘रुग्ण गंभीर अवस्थेत आणला’ एवढंच उरतं आणि तिसरा उशीर कागदावरून नाहीसा होतो. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचं माता-मृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे ३३ होतं, देशाचं ९७, केरळचं १९, आसामचं १९५. राज्यात ९५ टक्क्यांच्या जवळपास बाळंतपणं दवाखान्यात होतात, म्हणजे पहिले दोन उशीर पुष्कळ कमी झाले. आता जे मृत्यू उरले आहेत त्यांतला बराच भाग दवाखान्याच्या दारातून आत आल्यानंतरचा आहे, आणि तिथली नोंद प्रामाणिक नसेल तर आढावा बैठकीत फक्त चहा होतो. चौकशीचं तुम्ही विचारता तर जिल्हा समितीने कोणत्या शिफारशी केल्या आणि त्यातल्या कोणत्या पाळल्या, हे विचारा.

प्रश्न: घरी आल्यावर रक्त पुन्हा वाढलं तर? आई म्हणते, महिनाभर जातंच. (ठाणे)

उत्तर: जातं, पण दिवसागणिक कमी होत, आणि लाल, मग तपकिरी, मग पिवळसर-पांढरं होत. कमी झालेलं पुन्हा लालभडक होणं, तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, मोठ्या गाठी पडणं, घाण वास, ताप, छातीत धडधड: यातलं काहीही सहा आठवड्यांत कधीही झालं तर १०८ ला फोन करून निघा. आत राहिलेला वारेचा तुकडा किंवा जंतुदोष असू शकतो. वापरलेले पॅड पिशवीत घालून सोबत न्या आणि पहिलं कधी बदललं, शेवटचं कधी, ते सांगा. डॉक्टरांना तेच सगळ्यात आधी हवं असतं. पाणी कमी देण्याची पद्धत घरात असेल तर ती मोडा. आणि बाळंतिणीला दर दोन-तीन तासांनी लघवीला उठवा, तिला लागली नसली तरी.